हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) : बाजाराची वाट विचारणारे मुहाजिर



आपल्या जुम्म्याच्या बयानांत गरीब सहाबींचा उल्लेख वारंवार होतो. हजरत बिलाल (रजि.), हजरत अबू हुरैरा (रजि.) आणि मस्जिद-ए-नबवीच्या सुफ्फ्यावर उपाशीपोटी ज्ञान मिळवणारे सहाबा यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक असतात, आणि ती असायलाच हवीत. परंतु ज्या दहा सहाबींना हयातीतच जन्नतची शुभवार्ता मिळाली, त्या अशरा मुबश्शरांमध्ये मदिनेचे एक मोठे व्यापारीही होते, हे आपण ओझरते सांगून पुढे जातो. याचा परिणाम घराघरांत दिसतो. मुलगा दुकान टाकतो म्हणाला की एक काका सांगतात, 'त्यापेक्षा दहा हजारांची का होईना, नोकरी धर.' दुसरे काका सांगतात, 'दुनियेच्या मागे लागू नकोस.' या दोन सल्ल्यांच्या मध्ये तो तरुण नाक्यावर बसून राहतो. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा जीवनक्रम आज आपणांसमोर मांडत आहे, तो त्या मुलासाठी आणि त्याच्या दोन्ही काकांसाठी.

ते कुरैशांच्या बनू जुहरा या शाखेतले. पैगंबर (सल्ल.) यांच्या मातोश्री हजरत आमिना याही याच शाखेच्या. आमुल फील, म्हणजे हत्तींच्या स्वारीच्या वर्षानंतर सुमारे 10 वर्षांनी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव अब्दे अम्र; इस्लाम स्वीकारल्यावर पैगंबर (सल्ल.) यांनी ते बदलून अब्दुर्रहमान ठेवले. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या प्रयत्नाने ज्या पहिल्या मोजक्या लोकांनी ईमान आणले, त्यांत ते होते. दारे अर्कममधील शिकवण सुरू होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. मक्केत छळ वाढला तेव्हा ते हबशाला गेले, आणि पुढे सन 622 मध्ये मदिनेला हिजरत केली.

इथे थोडे थांबून हिशेब करा. हिजरतीच्या वेळी त्यांचे वय चाळिशी ओलांडून गेले होते. मक्केतला व्यापार, घर, ओळखीपाळखी, बाजारातली पत हे सारे मागे राहिले होते. ज्या वयात आपल्याकडे माणूस 'आता काय नवीन सुरू करायचे' असे म्हणून हात टेकतो, त्या वयात हे गृहस्थ एका परक्या शहरात जवळपास रिकाम्या हाताने उभे होते.

साद यांचा अर्धा वाटा

मदिनेत पैगंबर (सल्ल.) यांनी एकेका मुहाजिराचे एकेका अन्सारीशी बंधुत्वाचे नाते जोडून दिले. अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या वाट्याला खजरज कबील्याचे हजरत साद बिन रबीअ (रजि.) आले. साद हे मदिनेतील सधन माणसांपैकी एक. त्यांनी आपल्या नव्या भावासमोर जो प्रस्ताव ठेवला तो सहीह बुखारीत नोंदला आहे. माझ्या मालमत्तेचे दोन भाग करू, एक तुझा. मला दोन पत्नी आहेत. त्यांतल्या एकीला मी तलाक देईन आणि तिची इद्दत पूर्ण झाल्यावर तू तिच्याशी निकाह कर. हा दुसरा भाग आजच्या वाचकाला, विशेषतः आमच्या भगिनींना, खटकेल. तो त्या काळच्या अरबांच्या चालीरीतीतून आलेला होता, आणि तो प्रत्यक्षात आलाही नाही. त्यामागची भावना मात्र पाहावी. बेघर झालेल्या माणसाला नुसती मिळकत देऊन भागत नाही, त्याचे घर पुन्हा उभे राहिले पाहिजे, इथवर साद यांचा विचार पोहोचला होता.

अब्दुर्रहमान (रजि.) यांनी काय उत्तर दिले? त्यांनी साद यांच्या घरात आणि मालात अल्लाहने बरकत द्यावी अशी दुआ केली, आणि येथील बाजार कुठे आहे एवढेच विचारले. त्यांना बनू कैनुकाच्या बाजाराची वाट दाखवण्यात आली.

या प्रसंगावर बोलताना आपण बहुधा त्यांच्या स्वाभिमानाचे कौतुक करतो. ते योग्यच आहे, पण त्यात साद (रजि.) झाकले जातात. माझ्या मते ही कथा दोघांची आहे. देणाऱ्याने अर्धे पुढे केले, म्हणूनच घेणाऱ्याच्या नकाराला मोल आले. आपल्या वस्तीत एखादा होतकरू मुलगा कुणाकडे हात पसरत नाही म्हणून आपण त्याला शाबासकी देतो. परंतु त्याच्यासमोर साद यांच्यासारखा एक तरी माणूस उभा राहिला होता का, हेही विचारायला हवे. आणखी एक गोष्ट. नकार देताना अब्दुर्रहमान (रजि.) यांनी ताठा दाखवला नाही. दुआ आधी दिली, वाट नंतर विचारली. आणि वाट विचारणे हीदेखील मदत घेणेच आहे. स्थानिक माणसाची माहिती, त्याची ओळख, त्याने दाखवलेला रस्ता हे त्यांनी आनंदाने घेतले. फक्त मिळकत घेतली नाही.

बाजार होता यहुद्यांच्या कबील्याचा. 'आपल्या लोकांचा बाजार सुरू होऊ दे, मग बघू' असे म्हणत ते बसले नाहीत. त्या दिवशी घरी परतताना त्यांच्याजवळ थोडे तूप आणि थोडे अकित होते. अकित म्हणजे दही-ताक आटवून, वाळवून केलेले घट्ट गोळे. वाळवंटात टिकणारा, रोजच्या खाण्यातला पदार्थ. मक्केच्या काफिल्यांचा व्यापार पाहिलेल्या माणसाची मदिनेतली पहिली कमाई ही अशी होती. हदीसमध्ये पुढे एक छोटे वाक्य येते, ज्याकडे आपले लक्ष जात नाही : त्यानंतर ते रोज सकाळी बाजारात जात राहिले. बंधूंनो, सारी किमया त्या 'रोज'मध्ये आहे. पहिल्या दिवशी उत्साहाने सगळेच जातात. दुकानाच्या उद्‌घाटनाला हार, पेढे, फोटो सगळे असते; तिसऱ्या महिन्यात सकाळी अकरापर्यंत शटर खाली असते. फज्रच्या नमाजला जाग आलेला माणूस बाजारात सर्वांच्या आधी पोहोचू शकतो, ही आपल्याला मिळालेली केवढी मोठी सोय आहे, आणि आपण ती झोपून घालवतो.

इमाम बुखारी (रह.) यांनी ही हदीस खरेदी-विक्रीच्या ग्रंथभागात अगदी सुरुवातीला घेतली आहे, आणि त्या प्रकरणाच्या शीर्षकात सूरह जुमुआतील आयत दिली आहे. नमाज पूर्ण झाल्यावर जमिनीवर पांगावे, अल्लाहचे फज्ल शोधावे आणि अल्लाहचे भरपूर स्मरण करावे, असा त्या आयतीचा आशय आहे. रिज्क शोधण्याला कुरआनने 'अल्लाहचे फज्ल' म्हटले आहे. 'दुनियेच्या मागे लागू नकोस' म्हणणाऱ्या काकांनी हा शब्द जरूर लक्षात घ्यावा.

थोड्या दिवसांनी ते पैगंबर (सल्ल.) यांच्या सेवेत आले तेव्हा त्यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधी द्रव्याचा डाग होता. विचारणा झाली. एका अन्सारी स्त्रीशी निकाह केल्याचे त्यांनी सांगितले. महर किती, असे विचारल्यावर उत्तर आले, खजुराच्या बीच्या वजनाएवढे सोने. अनेक विद्वानांनी हे वजन पाच दिरहमांच्या वजनाइतके धरले आहे. पैगंबर (सल्ल.) यांनी बरकतीची दुआ दिली आणि वलीमा करण्यास सांगितले, एका बकऱ्याचा का होईना. स्वतःच्या कमाईतून महर, स्वतःच्या कमाईतून वलीमा. आणि आपल्याकडे? मुलीच्या बापाच्या पैशाने हॉल, मुलाच्या बापाच्या कर्जाने मंडप, आणि लग्नानंतर तीन वर्षे हप्ते. ज्या पैशात चांगले दुकान उभे राहिले असते तो एका रात्रीच्या बिर्याणीत आणि रोषणाईत जातो. याविषयी बयानात बोललो की सगळे माना डोलावतात, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्याच घरची पत्रिका हातात पडते.

व्यापाराची रीत

त्यांचा व्यवसाय हळूहळू वाढत गेला. तूप आणि अकित यांपासून सुरू झालेला व्यवहार उंट, घोडे, बकऱ्या आणि धान्याच्या काफिल्यांपर्यंत पोहोचला. इब्ने साद (रह.) यांच्या नोंदीनुसार मदिनेजवळच्या जुर्फ या ठिकाणी त्यांची शेती होती. तिला पाणी देण्यासाठी वीस उंट लागत, आणि घरचे वर्षाचे धान्य तिथूनच येई. स्वतःविषयी ते सांगत की एखादा दगड उचलला तरी त्याखाली सोने किंवा चांदी सापडेल असे वाटावे, एवढी बरकत अल्लाहने दिली.

पण बरकत आली ती कोणत्या वाटेने? इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये एक नोंद दिली आहे. श्रीमंतीचे कारण विचारले असता अब्दुर्रहमान (रजि.) यांनी तीन गोष्टी सांगितल्या. नफा कितीही थोडा असो, तो नाकारला नाही. कुणी जनावर मागितले तर विक्री लांबवली नाही. आणि उधारीवर विकले नाही. तिथेच एका सौद्याचे उदाहरण आहे. त्यांनी एक हजार उंटिणी विकल्या आणि नफा मिळाला तो केवळ त्यांच्या दाव्यांचा, म्हणजे उंटिणीचा दुमडलेला पाय बांधून ठेवण्याच्या दोरीचा. प्रत्येक दावे एक दिरहमला गेले. असे एक हजार दिरहम झाले. शिवाय त्या दिवसाचा हजार उंटिणींच्या चाऱ्या-पाण्याचा खर्च वाचला, तो आणखी एक हजार.

आपल्यापैकी जे भुसाराचे, कापडाचे किंवा मोबाइलचे दुकान चालवतात त्यांना यातले मर्म लगेच कळेल. माल पडून राहिला की तो खातो. उंट तर खरोखरच खातो. पण गोदामातला माल भाडे खातो, व्याजावर आणला असेल तर व्याज खातो, फॅशन बदलली की किंमत खातो. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी जास्त भावाची वाट पाहत माल अडवून ठेवला नाही. माल अडवून टंचाई करणे आणि भाव चढल्यावर विकणे, ज्याला शरीअत 'इहतिकार' म्हणते, ते तर हदीसप्रमाणे गुन्हेगाराचे काम आहे. कमी नफा आणि वेगाने उलाढाल, ही गोष्ट त्या उंटिणींच्या सौद्यात चौदाशे वर्षांपूर्वीच दिसते.

उधारीबाबत एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे, नाहीतर कुणी उद्या दुकानावर 'उधार हराम आहे' अशी पाटी लावील. उधारीवर विकणे किंवा घेणे शरीअतमध्ये जायज आहे. खुद्द पैगंबर (सल्ल.) यांनी एका यहुद्याकडून उधारीवर धान्य घेतले आणि त्यासाठी आपले लोखंडी चिलखत गहाण ठेवले, हे बुखारीत आहे. उधारी टाळणे ही अब्दुर्रहमान (रजि.) यांची व्यापारी सावधगिरी होती. आपल्या वस्तीतले किती दुकानदार वहीतल्या उधारीखाली दबून बंद पडले, हे आपण पाहिले आहे. ओळखीच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि मागायला गेले की नातेच तुटते. परंतु एखादा गरीब खरोखर अडला असेल तर त्याला मुदत द्यावी, ही कुरआनची शिकवण आहे. तिथे या सावधगिरीची ढाल पुढे करू नये. धंद्याची उधारी आणि गरजवंताची सवलत या दोन वह्या वेगळ्या ठेवा.

व्याजाचा प्रश्न वेगळा आहे, तिथे तडजोड नाही. कुरआनने व्यापार हलाल आणि रिबा हराम ठरवला आहे. भांडवल नाही म्हणून फायनान्स कंपनीकडे धावणाऱ्या तरुणाला मी एवढेच सांगेन की शरीअतने त्याच्यासाठी दारे बंद केलेली नाहीत. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा, तोटा आला तर भांडवलवाल्याचा पैसा जाईल आणि मेहनत करणाऱ्याचे श्रम जातील, ही मुदारबाची पद्धत तेव्हाही होती आणि आजही करता येते. अट एकच : लिहून ठेवा. कर्जाचा आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी सूरह बकरात जी आयत आहे, ती संपूर्ण कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. आपण मात्र 'घरचाच आहे, लिहायचे काय' म्हणतो आणि दोन वर्षांनी मस्जिदीच्या पायरीवर इमामाला पंच म्हणून बसवतो.

उमय्याशी झालेला करार

लिहिण्यावरून आठवले. हिजरतीनंतर अब्दुर्रहमान (रजि.) यांचा मक्केतला काही हितसंबंध शिल्लक होता. त्यांनी मक्केचा सरदार उमय्या बिन खलफ याच्याशी लेखी करार केला : मक्केत तू माझ्या मालाची आणि माणसांची काळजी घे, मदिनेत मी तुझ्या मालाची घेईन. करारात नाव आले 'अब्दुर्रहमान'. उमय्या म्हणाला की मी रहमानला ओळखत नाही, तुझे पूर्वीचे नाव लिही. मग 'अब्दे अम्र' असे लिहिले गेले. इमाम बुखारी (रह.) यांनी ही हदीस वकालतीच्या प्रकरणात घेतली, आणि मुसलमानाने बिगरमुस्लिमाला आपल्या व्यवहाराचा प्रतिनिधी नेमणे जायज आहे, हा नियम त्यावरून मांडला. आज ज्यांचा भागीदार, पुरवठादार किंवा हिशेबनीस दुसऱ्या धर्माचा आहे, त्यांच्यासाठी या हदीसमध्ये दिलासा आहे.

पण या कराराचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. हिजरी सन 2 मध्ये बद्रची लढाई झाली. उमय्या शत्रूच्या बाजूने आला होता. लोक झोपल्यावर अब्दुर्रहमान (रजि.) त्याला सुरक्षित जागी नेण्यासाठी निघाले. तेवढ्यात हजरत बिलाल (रजि.) यांनी त्याला पाहिले. उमय्या हा तोच माणूस, ज्याने मक्केत बिलाल (रजि.) यांना तापलेल्या वाळूवर पाडून छातीवर दगड ठेवला होता. बिलाल (रजि.) यांनी अन्सारांना हाक दिली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी उमय्याला खाली बसायला सांगितले आणि स्वतः त्याच्यावर आडवे पडले. तरीही खालून तलवारी चालल्या, उमय्या मारला गेला, आणि एक वार अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या पायावर बसला. त्यांचे पुत्र सांगतात की वडील पायावरची ती खूण आम्हाला दाखवत असत.

यात बिलाल (रजि.) यांचा संताप समजण्यासारखा आहे, त्यांच्या अंगावरचे व्रण बोलत होते. पण अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या पायावरची खूण पाहा. दिलेल्या शब्दासाठी, तोही आपल्या रबचे नाव लिहू न देणाऱ्या माणसाला दिलेल्या शब्दासाठी, त्यांनी स्वतःचे अंग मध्ये घातले. व्यापारात 'जबान' म्हणतात ती हीच.

पुढच्याच वर्षी उहुदच्या लढाईत त्यांना वीसपेक्षा अधिक जखमा झाल्या, पुढचे दात पडले आणि पायाच्या जखमेने ते कायमचे लंगडत चालू लागले. आपण ज्या श्रीमंत व्यापाऱ्याविषयी वाचत आहोत तो माणूस असा होता, हे डोळ्यांसमोर राहू द्यावे.

उहुदमध्येच त्यांचे बंधू साद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. ज्यांनी अर्धी मिळकत पुढे केली होती, त्यांच्या माघारी त्यांच्या भावाने सारी मिळकत ताब्यात घेतली. साद यांची पत्नी दोन मुलींना घेऊन पैगंबर (सल्ल.) यांच्याकडे आली. मुलींच्या वाट्याला काहीच आले नाही, आणि मालाशिवाय त्यांचे निकाह कसे होणार, असे तिने विचारले. यावर वारशाची आयत अवतरली, हे तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. भावाला बोलावून सांगण्यात आले की दोन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश, आणि उरलेले तुझे. चोवीस भाग केले तर मुलींचे सोळा, आईचे तीन आणि भावाचे पाच.

विषयांतर वाटेल, पण सांगतोच. आपल्या गावांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि वर सांगितले जाते की माहेर तुटू नये म्हणून तिने खुशीने दिले. ही खुशी कशी मिळवली जाते ते आपण सर्व जाणतो. ज्या भावाच्या धंद्याचे भांडवल बहिणीच्या न दिलेल्या हिश्श्यातून उभे राहिले आहे, तो बरकतीची दुआ कोणत्या तोंडाने मागतो, हे त्याने एकांतात स्वतःला विचारावे.

ज्ञान, नमाज आणि बाजार

व्यापारी म्हणजे दीनच्या बाबतीत मागच्या सफेतला माणूस, असा आपला समज असतो. हिजरी सन 9 मध्ये तबूकच्या प्रवासात एका पहाटे पैगंबर (सल्ल.) यांना वुजूवरून परतण्यास उशीर झाला. सहाबांनी फज्रच्या नमाजसाठी अब्दुर्रहमान (रजि.) यांना पुढे केले. पैगंबर (सल्ल.) आले तेव्हा एक रकात झाली होती. त्यांनी दुसरी रकात अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या मागे अदा केली, राहिलेली पूर्ण केली, आणि वेळेवर नमाज सुरू केल्याबद्दल लोकांचे कौतुक केले. ही घटना सहीह मुस्लिममध्ये आहे. कबील्यांचे सरदार, लढवय्ये आणि कुरआनचे जाणकार सोबत असताना एका व्यापाऱ्याला पुढे करण्यात आले, कारण तो तेवढा जाणता होता.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत शामच्या प्रदेशात प्लेगची साथ पसरली. उमर (रजि.) सरग या ठिकाणी पोहोचले होते. पुढे जावे की परतावे यावर मुहाजिर आणि अन्सार यांच्यात मतभेद झाले. अब्दुर्रहमान (रजि.) त्या वेळी काही कामासाठी बाहेर गेले होते. ते आले आणि त्यांनी पैगंबर (सल्ल.) यांची शिकवण सांगितली : साथ असलेल्या ठिकाणी जाऊ नये, आणि आपण असलेल्या ठिकाणी साथ आली तर पळ काढू नये. प्रश्न मिटला. सन 2020 च्या टाळेबंदीत हीच हदीस आपण प्रत्येक मस्जिदीच्या सूचनाफलकावर वाचली. ती उम्मतपर्यंत पोहोचवणाऱ्यांत हे व्यापारी सहाबी होते, हे कितीजणांच्या ध्यानात आले?

उमर (रजि.) यांच्यावर प्राणघातक हल्ला झाल्यावर नव्या खलीफ्याच्या निवडीसाठी त्यांनी सहा जणांची शूरा नेमली. अब्दुर्रहमान (रजि.) त्यांतले एक. त्यांनी सर्वप्रथम स्वतःचे नाव मागे घेतले, मग रात्री जागून लोकांचा सल्ला घेतला, आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या नावावर निर्णय झाला. पद हाताशी असताना मागे सरणारा माणूस आपल्या मस्जिदीच्या विश्वस्त मंडळांत आजकाल क्वचितच आढळतो, असो.

संपत्तीचे ओझे

आपण कदाचित ऐकले असेल की अब्दुर्रहमान (रजि.) श्रीमंत असल्यामुळे जन्नतमध्ये रांगत प्रवेश करतील. सातशे उंटांच्या काफिल्याच्या कथेसोबत ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. इमाम अहमद (रह.) यांनी ही रिवायत नाकारली आहे आणि इब्ने जौजी (रह.) यांनी ती बनावट हदीसींच्या संग्रहात टाकली आहे. अशरा मुबश्शरांपैकी एकावर, तोही हलाल कमाईबद्दल, असा डाग ठेवणारी कथा बयानात सांगू नये, अशी आमच्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे.

मात्र संपत्तीची भीती त्यांना स्वतःला वाटत होती, आणि ते बुखारीत आहे. एकदा ते रोजा सोडण्यास बसले असता समोर जेवण आणले गेले. त्यांना हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) आठवले. उहुदमध्ये शहीद झालेल्या मुसअब (रजि.) यांना कफन म्हणून एकच चादर मिळाली होती, डोके झाकले तर पाय उघडे पडत, पाय झाकले तर डोके. ते माझ्यापेक्षा श्रेष्ठ होते, असे अब्दुर्रहमान (रजि.) म्हणाले. हजरत हमजा (रजि.) यांचेही नाव घेतले. मग आपल्या नेकींचा मोबदला इथेच तर चुकता होत नाही ना, अशी धास्ती बोलून दाखवली, आणि रडू लागले. जेवण तसेच राहिले. लक्षात घ्या, या धास्तीने त्यांनी दुसऱ्या दिवशी बाजार सोडला नाही. त्यांचा हात मात्र सैल होत गेला.

तबूकच्या मोहिमेसाठी मदत मागितली गेली तेव्हा त्यांनी चार हजार दिरहम आणले. भाष्यकार सांगतात की ती त्यांच्याजवळच्या रकमेची निम्मी होती. मुनाफिक म्हणाले, हा दिखावा आहे. हजरत अबू अकील (रजि.) या गरीब अन्सारींनी मजुरीतून मिळालेल्या थोड्या खजुरा आणल्या, तर तेच लोक हसले की अल्लाहला एवढ्याशा खजुरांची काय गरज. सूरह तौबाच्या आयत क्रमांक 79 मध्ये या दोन्ही टोमण्यांचा समाचार घेतला आहे. एक जमीन चाळीस हजार दीनारांना विकून ती रक्कम त्यांनी बनू जुहरा, गरीब मुसलमान आणि उम्महातुल मोमिनीन यांच्यात वाटली. हजरत आयेशा (रजि.) यांचा हिस्सा पोहोचला तेव्हा त्यांनी अल्लाहने अब्दुर्रहमान यांना जन्नतच्या सलसबीलचे पाणी पाजावे, अशी दुआ केली.

हिजरी सन 32 मध्ये मदिनेत त्यांचे निधन झाले. बकीअ कब्रस्तानात दफन झाले. मागे राहिलेल्या मालमत्तेत एक हजार उंट, तीन हजार बकऱ्या आणि शंभर घोडे होते. सोने कुऱ्हाडीने तोडून वाटावे लागले आणि तोडणाऱ्यांच्या हाताला फोड आले, असे इब्ने साद (रह.) लिहितात. चार पत्नींना मिळून अष्टमांश, म्हणजे एकीला बत्तिसावा हिस्सा. आणि एका पत्नीच्या त्या बत्तिसाव्या हिश्श्याची तडजोड ऐंशी हजारांवर झाली. त्यांपैकी हजरत तुमाजिर (रजि.) यांना त्यांनी अखेरच्या आजारात तलाक दिला होता, तरी खलीफा उस्मान (रजि.) यांनी त्यांना वारसा मिळवून दिला. या निर्णयावरून फुकहांमध्ये चर्चा झाली. हनफी मसलकात अशा स्त्रीची इद्दत संपण्यापूर्वी पतीचे निधन झाल्यास तिला वारसा मिळतो, इमाम शाफई (रह.) यांचे नंतरचे मत वेगळे आहे, म्हणून कोकणातील आपल्या शाफई बांधवांनी असा प्रसंग आल्यास आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे. याच तुमाजिर (रजि.) यांचे पुत्र अबू सलमा (रह.) पुढे मदिनेच्या थोर फकीहांत गणले गेले.

वारसांना देण्याआधी त्यांच्या वसीयतीची अंमलबजावणी झाली. बद्रमध्ये सहभागी झालेल्यांपैकी जे हयात होते, त्या प्रत्येकाला चारशे दीनार द्यावेत असे त्यांनी लिहून ठेवले होते. असे शंभर जण निघाले. हजरत उस्मान (रजि.) स्वतः खलीफा होते, धनवान होते, त्यांनीही आपला चारशे दीनारांचा हिस्सा मागून घेतला. अब्दुर्रहमान यांचा माल हलाल आणि स्वच्छ आहे, त्यातला घास बरकतीचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.